'नॉर्वे' जहाज आठवतंय का कुणाला?

पूर्वीची क्रूझ म्हणजे छोटं, निवांत जहाज असं म्हणतात, पण सगळीच छोटी नव्हती हो. ३१५ मीटर लांबीचं 'फ्रान्स' १९६२ला अटलांटिक ओलांडायला लागलं तोवर जेट विमानं आलेली, मग १९७४ला बंद पडलं आणि १९८०पासून 'नॉर्वे' नावाने मायामीहून कॅरिबियनच्या सहली करू लागलं. बेटांवरच्या बंदरात ते मावायचं नाही म्हणून लोकांना लहान बोटींतून किनाऱ्यावर न्यायचे, मला तर तीच खरी मजा वाटते! आता २०२४चं 'आयकॉन ऑफ द सीज' बघा, आतच वॉटरपार्क, सात हजारांवर प्रवासी मावतात, पण यात समुद्र मागे पडतो याचं मनापासून वाईट वाटतं. 'नॉर्वे' शेवटी आपल्याकडे गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं, २००८पर्यंत सगळं संपलं.