बुडापेस्ट: शर्यतीच्या दिवसांत शहर कधी बघायचं?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र हंगेरियन ग्रां प्रीला (फॉर्म्युला वन गाड्यांच्या शर्यतीला) चाललोय. शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. मुक्काम पेस्टमध्ये, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडच्या भागात. ट्रॅकला कसं जायचं आणि शहर कधी उरकायचं?

उत्तर: शर्यतीचा ट्रॅक, हंगारोरिंग, शहराबाहेर मोग्योरोद गावाला आहे, साधारण २० किमी. लाल एम-२ मेट्रोनं ओर्श वेझेर तेरे, तिथून एच-८ उपनगरी गाडीनं सिलाशलिगेत, पुढे पायी. शहराचं तिकीट हद्दीपर्यंतच चालतं, पुढच्या टप्प्याचं जादा तिकीट आधीच घ्या. कागदी तिकीट मेट्रोत शिरण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्याच, नाहीतर दंड बसतो.

उत्तर: शहर "उरकू" नका हो! पहाटे नदीपलीकडे, बुडाच्या टेकडीवरचा मच्छीमार बुरूज गाठा, गर्दी नसते. तिथून समोरच्या काठावरच्या संसदेचा फोटो मात्र संध्याकाळी काढा. सकाळी सूर्य संसदेच्या मागून येतो आणि इमारत काळी दिसते. खाली उतरून १८४९ चा साखळी पूल चालत ओलांडा. संसद आतून बघायची तर तिकीट आत्ताच काढा.

उत्तर: सोमवार मोकळा ठेवा. १८९६ ची एम-१ मेट्रो थेट सेचेन्यी या गरम पाण्याच्या स्नानगृहाशी नेते. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची आहे, घरूनच न्या.