झेडपीच्या उमेदवाराचं शपथपत्र कुठं बघायचं?

औसेकर:
आमच्या गटात तिघं उभे आहेत, त्यातले दोघं माजी सरपंच. विधानसभेला मोबाईलवर शपथपत्र दिसत होतं, आता काहीच सापडंना. मतदानाला आठवडा राहिलाय. एवढ्यात काय तपासता येईल?

तहसील_कट्टा:
ते ॲप भारत निवडणूक आयोगाचं, लोकसभा-विधानसभेपुरतं. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका हे राज्य निवडणूक आयोगाचं काम. त्यांच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर सरळ निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं कार्यालय गाठा. गोषवाऱ्यावर भागवू नका, पूर्ण शपथपत्र वाचा. त्यातले जमिनीचे गट नंबर महाभूलेखवर टाका. बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. त्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असेल आणि शपथपत्रात कर्ज निरंक, तर तिथं प्रश्न विचारायचा. माहिती अधिकार आता कामाचा नाही. मुदतच ३० दिवसांची.

कोर्टाची_पायरी:
खटले बघायला ई-कोर्ट्स हे सरकारी संकेतस्थळ आहे. तिथं नावानं शोधताना वर्ष द्यावंच लागतं, म्हणून एकेक वर्ष मागं जा. औसा आणि लातूर, दोन्ही कोर्टं बघा. स्पेलिंग बदलून बघा, ‘जाधव’च्या शेवटी कुणी व्ही लावतं, कुणी ओ. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय खटला त्याच माणसाचा धरू नका.
कलमंही वाचा. १४३, १८८ म्हणजे बहुतेक मोर्चा नाहीतर रास्ता रोको. त्यावरून मत फिरवायची गरज नाही. ४०९, ४२० मात्र विश्वासघात आणि फसवणूक. ही जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहिता लागते, तिथं ही शेवटची दोन ३१६(५) आणि ३१८(४) अशी दिसतील.

गावगाडा:
माजी सरपंचांसाठी ई-ग्रामस्वराज हे ग्रामपंचायतींच्या हिशोबाचं सरकारी संकेतस्थळ सगळ्यात भारी. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि पंधराव्या वित्त आयोगाची व्हाउचर उघडा: कामाचं नाव, रक्कम, पैसे कुणाला गेले. हे पैसे सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं निघतात, तेव्हा ‘मला माहीतच नव्हतं’ ऐकून घेऊ नका. मग ती नाली, तो पेव्हर ब्लॉक जागेवर आहे का बघून या. आमदार-खासदार निधीची कामं तिथं नसतात, त्यामुळं यादी छोटी दिसली म्हणून काम झालंच नाही असं समजू नका.

औसेकर:
एकाच्या घरपट्टीची थकबाकी आहे म्हणतात. आता हरकत घेता येईल?

तहसील_कट्टा:
नाही. ती छाननीच्या दिवशीच घ्यायची असते. आता निकालानंतर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज, एवढाच रस्ता. आणि पंचायत समितीच्या गणाचंही मत द्यायचंय तुम्हाला. त्या उमेदवारांची शपथपत्रं त्याच फेरीत बघून घ्या.