मदत हवी आहे: नव्या सिस्टरांना सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) शिकवायला कोणतं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घ्यावं?

नमस्कार. मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. नव्या मुली पेपरात सगळं बिनचूक लिहितात: 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120चा वेग. पण परवा पेशंटचं हृदय थांबलं तेव्हा एकीचे हात छातीवर नुसते टेकलेले. 5 सेंटिमीटर खाली दाबायला किती जोर लागतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. चूक तिची नाही, आमच्या शिकवण्याची आहे. आमचं मॅनिकिन जुनं, त्यात काहीच दिसत नाही.

दाबाची खोली, वेग आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली का, हे लगेच दाखवणारं मॅनिकिन कुणी वापरलंय का? दुरुस्ती सहज होते का? आणि ड्युटी सांभाळून वॉर्डातच सराव कसा घेता, किती दिवसांनी?