‘आय लाइक मूव्हीज’ पाहताना तुम्ही कुठे हसलात आणि कुठे हसू आवरले?

चँडलर लेव्हॅक या कॅनेडियन दिग्दर्शिकेचा ‘आय लाइक मूव्हीज’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २०२२ साली टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला. कथा २००३ सालची, ऑन्टारिओ प्रांतातल्या बर्लिंग्टन या शहरातली आहे. सतरा वर्षांच्या लॉरेन्सला न्यूयॉर्क विद्यापीठात टॉड सोलॉन्ड्झ या अमेरिकन दिग्दर्शकाच्या हाताखाली चित्रपट शिकायचा आहे आणि त्यासाठी पैसे साठवायचे म्हणून तो व्हिडिओच्या दुकानात नोकरी धरतो. चित्रपट विनोदी आहे, पण आमच्या घरी त्यावर हसण्यापेक्षा वादच जास्त झाला. म्हणून हा धागा काढत आहे. कृपया परीक्षण लिहू नये. कोणत्या प्रसंगी हसू आले, कोणत्या प्रसंगी ते आवरले आणि का, एवढे सविस्तर लिहावे. शेवट उघड होणार आहे, हे गृहीत धरूनच वाचावे.

मिसिसागाहून

मी विद्यार्थी असताना त्याच सुमारास अशाच एका दुकानात संध्याकाळच्या पाळीला काम केले आहे, त्यामुळे मला हसू आले ते दुकानाच्या तपशिलांना. ठरावीक गणवेश, गिऱ्हाइकाला अमुकच चित्रपट सुचवण्याचा वरून आलेला आदेश आणि उशिरा परत केल्याचा दंड ऐकताच बदलणारे चेहरे, हे सगळे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. लेव्हॅक यांनी स्वतः किशोरवयात ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या साखळीत, बर्लिंग्टनच्या शाखेत काम केले होते, हे नंतर वाचले आणि तपशील इतके नेमके कसे, याचा उलगडा झाला. २०१० च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्स कॅनडात आले आणि २०११ संपेपर्यंत ब्लॉकबस्टरची इथली दुकाने बंद झाली. पडद्यावरच्या त्या मुलांना यातले काहीच ठाऊक नाही, आपल्याला मात्र ठाऊक आहे, आणि चित्रपटातली हुरहूर मला वाटते त्यातूनच येते. मात्र तिथली नोकरी रम्य होती, असे कोणी म्हणाले तर मी मान्य करणार नाही. शनिवारी रात्री रांग दारापर्यंत जाई आणि चित्रपटांविषयी बोलायला कोणालाही वेळ नसे.

ठाण्याहून

बहुतेक जण लॉरेन्सविषयी लिहितील, मी मॅटविषयी लिहितो. लॉरेन्सच्या या जिवलग मित्राला त्याच्याबरोबर ठरलेल्या रात्री बसून टीव्ही पाहायचा असतो, शाळेसाठी चित्रफीत बनवायची असते. पण चित्रपटांतले कळते ते आपल्यालाच, या लॉरेन्सच्या गुर्मीपुढे त्याची किंमत मदतनीसाएवढीच उरते. माझा एक मित्र असाच होता. आम्ही कोणता चित्रपट पाहायचा, मध्यंतरात काय बोलायचे, कोणत्या दिग्दर्शकाचे नाव आदराने घ्यायचे, हे सारे तो ठरवीत असे आणि मला एखादा साधा प्रेमपट आवडला तर आठवडाभर त्याची टिंगल चाले. मॅट हळूहळू लांब जातो तेव्हा त्यात भांडणाचा स्फोट असा फारसा नाही, आणि मला तेच खरे वाटले. अशी मैत्री एका दिवशी तुटत नाही. एकाने फोन करायचा कंटाळा केला की ती आपोआप विरते.

नाशिकहून

मी अर्ध्यावर बंद केला. उद्धट मुलाचे दीड तास कौतुक पाहण्याइतका माझ्याकडे संयम नाही. पुढे त्याला कोणीतरी सुनावते असे नंतर कळले, पण तोवर मी झोपलो होतो.

मुंबईहून

नाशिककरांनी जिथे सोडला, तिथून पुढेच माझा चित्रपट सुरू झाला. दुकानाची व्यवस्थापक अलाना एकेकाळी अभिनेत्री होऊ पाहत होती आणि त्या क्षेत्रातल्या एका पुरुषाने तिच्याशी जे केले, त्यानंतर चित्रपट हा विषयच तिला नकोसा झाला. हे ती लॉरेन्सला सांगते, तो प्रसंग लांब आहे आणि लेव्हॅक तो घाईने उरकत नाहीत. मी विशीत नाटकांतून कामे करीत असे आणि पुढे जाहिरातींच्या निवडचाचण्यांना जाऊ लागले. एका ठिकाणी मला काम हवे असेल तर ‘मोकळेपणाने वागावे लागेल’ असे सांगण्यात आले. मी उठून आले आणि त्यानंतर कित्येक वर्षे चित्रपटगृहात दिवे मालवले की माझ्या डोक्यात त्या पडद्यामागची खोलीच येत असे. त्यामुळे चित्रपटांवर प्रेम करणे ही सर्वांना सारखीच परवडणारी गोष्ट नाही, हे इतक्या नेमकेपणाने मांडणारा दुसरा विनोदी चित्रपट मी पाहिलेला नाही. अलानाला नुसती ‘मुलाला सुधारणारी स्त्री’ केले असते तर मी रागावले असते. पण तिला स्वतःचा राग आहे, कंटाळा आहे आणि दुकान बंद झाल्यावर घरी जायची घाईही आहे.

ब्रॅम्प्टनहून

मला लॉरेन्सच्या आईच्या प्रसंगांत मुळीच हसू आले नाही. नवऱ्याने आत्महत्या केली आहे, मुलगा त्याविषयी बोलत नाही, दिवसरात्र चित्रपटांत डोके घालून बसतो आणि वर अमेरिकेतल्या महागड्या विद्यापीठाचा हट्ट धरतो. एकट्या बाईने यावर करायचे काय? आमच्या मुलानेही चित्रपटाचेच शिक्षण घ्यायचे म्हणून धरले होते, तेव्हा आम्ही दोघे कमावते असूनही रात्री हिशेब मांडून बसायचो. लॉरेन्स शेवटी ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात जातो, हे काही समीक्षकांना पराभवासारखे वाटले असेल, मला मात्र सुटकेचा नि:श्वास टाकावासा वाटला. तिथे तो समोरच्या मुलीला तिच्याविषयी विचारू लागतो, ही त्याने दुकानातून नेलेली खरी कमाई.

पुण्याहून

सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात रांग लावून परदेशी चित्रपट पाहिलेल्या माझ्या पिढीला लॉरेन्सचा तोरा ओळखीचा आहे, म्हणून मी पहिल्या अर्ध्या तासात सारखा हसत होतो. तिला त्यात विनोदी असे काही सापडले नाही. भाड्याने आणलेली चकती परत का करायची, हेच मला आधी समजावून सांगावे लागले. तिचे मत असे पडले की अलानाने त्याला आणखी एक वर्ष दुकानात ठेवून फक्त कपाटे लावायला सांगायला हवे होते.