मदत हवी आहे: दोन चंद्र असतील तर तिथी कशी मोजायची?

माझ्या कादंबरीतल्या जगाला दोन चंद्र आहेत. थोरल्याचं चक्र ३० दिवसांचं, धाकट्याचं २०. उधाण, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, एका चक्रात दोनदा येते: थोरल्याची दर १५ दिवसांनी, धाकट्याची दर १०. म्हणून दर ३० दिवसांनी दोघांचं उधाण एकत्र येतं आणि मिठागरांचे बांध फुटतात. माझी म्हातारी मिठागरीण काथ्याच्या दोरीला गाठी मारून दिवस मोजते. तिचा हात मला स्पष्ट दिसतो, हिशोब दिसत नाही.

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. तेच लावून पाहिलं. दुसरा चंद्र आला की कोलमडतं. या लोकांना लिपी नाही, जादूही नको. मिनिटांची अचूकता नको, दिवस कळला की पुरे.

मग तिच्याकडे दोन दोऱ्या असतील, की ६० गाठींची एकच?