मदत हवी आहे: ११ बाय १३ फुटांच्या खोलीत टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर लावावेत का?

नमस्कार मंडळी. सहकारनगरला जुन्या बिल्डिंगमधली खोली, खाली फरशी, अँप (अँप्लिफायर) ८ ओहमला ५० वॅटचा. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि तबला.

मित्राचे टॉवर आठवडाभर आणून लावले. तानपुरा असा भरून आला की आम्ही दोघं बोलायचे थांबलो! पण डग्ग्याची घुमक संपतच नव्हती, शोकेसची काच थरथरायची. पोर्ट (स्पीकरच्या खोक्याचं हवेचं भोक) मागे आणि भिंत जेमतेम ८ इंचांवर. १३ फूट लांबीची खोली साधारण ४३ हर्ट्झला स्वतःच घुमते, हे गणित समजतं. इलाज समजत नाही.

पुढे पोर्ट असलेले घ्यावेत की सीलबंद, म्हणजे पोर्टच नसलेले? की एवढ्या खोलीला स्टँडवरचे छोटेच बरे? मन मात्र टॉवरवरच आहे. पुण्यात कोणी अशाच खोलीत लावले असतील तर सीडी घेऊन ऐकायला येऊ का?