टीम कशी घडते, स्लाइडवर कसं दाखवू?

रावेरचा_केळीवाला:
राम राम मंडळी, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत नवीन संचालक आलेत, त्यांच्यासमोर टीम कशी घडते यावर बोलायचंय, मानसशास्त्रज्ञ टकमनचं मॉडेल घेतलंय, फॉर्मिंग (जमणं), स्टॉर्मिंग (भांडणं), नॉर्मिंग (घडी बसणं), परफॉर्मिंग (जोमात काम), पण नुसते चार चौकोन आणि बाण टाकले तर लोकं झोपतील, काय करू? प्रोजेक्टरपण जुनाट आहे.

धुळेकर:
बाण सरळ पुढेच जाणारा नको टाकू भो. नवीन माणूस आला की टीम परत भांडणावर येऊ शकते, म्हणून मागे वळणारा बाणपण दाखव. आणि स्टेज पाच आहेत, टकमनने १९६५ ला चार सांगितल्या, १९७७ ला मेरी अ‍ॅन जेन्सनसोबत अ‍ॅडजर्निंग जोडली, म्हणजे काम संपलं, टीम सुटली.

भुसावळ_जंक्शन:
भरीत पार्टीचे फोटो टाक ना! मळ्यात जमले की आधी सगळे गुमान बसतात, मग मिरच्या किती यावरून वाद, मग कोणी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो कोणी बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचतो, शेवटी पंगत. एका स्लाइडला एकच फोटो, खाली दोन शब्द, बाकीचं तोंडाने बोल. वादाच्या स्लाइडवर मात्र थांब जरा, संचालकांना तेच ऐकायची गरज असते (आमच्याकडे तरी आहे 😄)

धुळेकर:
भारी. जुना प्रोजेक्टर असेल तर पांढऱ्यावर जाड काळी अक्षरं ठेव, पिवळं काहीच दिसत नाही.